दहावा माणूस

पनवेलबाहेरच्या कुणाला सांगितलं की आमच्या गावात ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे आणि तेही १८४९ सालचं, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "पनवेलला? ज्यू?" मग पुढचा प्रश्न, "म्हणजे परदेशातून येऊन राहिलेले का?" इथे माझी पंचाईत होते. काय उत्तर द्यायचं? ज्या माणसाची आजी 'गो बाय' म्हणून हाक मारायची, ज्याच्या घरी वालाच्या बिरड्याशिवाय पान हलत नाही आणि ज्याचं आडनाव पेणकर, किहीमकर, नाहीतर दिवेकर आहे, त्याला परदेशी कसं म्हणायचं?

जुन्या पनवेलकरांना यात काही नवल वाटत नाही. 'बेथ एल' हे नाव पाटीवर. बोलताना मात्र आमच्याकडची जुनी माणसं तिला मशीदच म्हणायची. बेने इस्राएल मंडळी स्वतःही मराठीत मशीदच म्हणत. माझ्या वडिलांचे एक जिवलग मित्र याच समाजातले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे आमचं जाणं-येणं पूर्वीपासूनचं, पण त्यांच्या विधीत मी बसलो तो एकदाच. काही वर्षांपूर्वी. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

झालं असं, की काकांचे थोरले भाऊ तरुणपणीच इस्रायलला गेले होते. ते तिकडेच वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला (हा माझा शब्द, त्यांचा नव्हे) त्यांचा मुलगा आणि सोळा-सतरा वर्षांचा नातू पनवेलला आले. एका संध्याकाळी मशिदीत प्रार्थना आणि दुसऱ्या दिवशी घरी मलिदा, असं ठरलं. काका म्हणाले, "तूही ये. भावानं तुला कडेवर घेतलेलं आहे." मी गेलो. दारात कुणीतरी हातात टोपी दिली, ती घातली आणि मागच्या बाकावर बसलो.

प्रार्थना काही सुरू होईना. काका सारखे दाराकडे बघत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. मृतासाठी म्हणायची 'कद्दीश' ही प्रार्थना किमान दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. तेरा वर्षं पूर्ण झालेला कुणीही चालतो, पण ज्यू हवा. आणि आत होते आठ. मला धरून नऊ. पण मला धरायचंच नव्हतं.

काकांचा पुतण्या आणि नातू अजून यायचे होते. पुतण्या आला तो एकटाच. मुलगा फोनवर बोलत बाहेर थांबला होता. आता आत नऊ. मी तिथेच, टोपी घालून बसलेलो. या गावात जन्मलो, यातल्या निम्म्या लोकांच्या घरी जेवलोय. सगळ्यांची नजर माझ्यावरून फिरून दाराकडे जात होती. त्यात अनादर अजिबात नव्हता. फक्त मी त्या हिशेबात नव्हतो. आणि मग तो मुलगा आत आला. जीन्स, कानात वायर. मराठी जेमतेम समजणारा. पनवेलला आयुष्यात पहिल्यांदा आलेला. कुणीतरी हलकेच म्हणालं, "झाले दहा." आणि प्रार्थना सुरू झाली.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला लागलं. परदेशी तो आणि मोजला गेला तो. मी घरचा आणि मोजणीबाहेर! रात्री घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. मग या लोकांचा इतिहास पुन्हा उघडून बसलो आणि माझी मलाच थोडी लाज वाटली. कारण 'तुम्हाला मोजायचं की नाही' हा प्रश्न या समाजाला बाहेरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्यानं विचारलेला आहे.

त्यांची परंपरा सांगते ती गोष्ट अशी. फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेले लोक कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पोथी नाही, गुरू नाही, बाकीच्या ज्यू जगाशी संबंध नाही. राहिलं काय? शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना. सणही राहिले, पण मराठी होऊन. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण... ही नावं वाचताना कुणाला वाटेल की आपल्याच पंचांगातून आलीत.

पहिला मोठा पाहुणा आला तो दावीद राहाबी. परंपरा त्याला फार जुन्या काळात नेते. अभ्यासकांपैकी बरेच जण १८ व्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. त्याला शंका होती की हे लोक खरंच ज्यू आहेत का. म्हणून त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. मग त्यानं तिघांना धर्माचं शिक्षण दिलं आणि काजी नेमलं. ही गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. मला मात्र त्या बायकांचा विचार येतो. परका माणूस घरात येतो आणि तुमच्या नकळत मासळीच्या टोपलीवर तुमची परीक्षा घेतो!

दुसरे पाहुणे मिशनरी. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांच्यामागून स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. या विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. हेतू उघड होता, मूळ भाषेतून धर्मग्रंथ वाचून ही मंडळी येशूकडे वळतील. झालं उलटंच. धर्म बदलला फार थोड्यांनी. बाकीच्यांनी मिशनच्या शाळांत मराठी आणि हिब्रू दोन्ही पक्क्या केल्या आणि स्वतःच्या प्रार्थनांची पुस्तकं काढली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' मराठी अर्थासह १८४६ मध्ये मुंबईत निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादात तर चित्रंही आहेत आणि त्यातल्या बायका नऊवारी नेसून, जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करतायत. शिकवायला आलेल्या पाहुण्याकडून हवं तेवढं घेतलं आणि आपलं घर तसंच राखलं. मला हे फार आवडतं.

तिसरे पाहुणे त्यांच्याच धर्माचे. बगदाद आणि आसपासच्या भागातून आलेले, व्यापारात मोठे झालेले ज्यू. सुरुवातीला दोघे एकत्र होते. १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. हे दिवेकर कंपनीच्या फौजेतले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. पुढे मात्र बगदादींना आपण वेगळे आहोत असं वाटायला लागलं. १८३६ मध्ये दफनभूमीत आमच्यात आणि यांच्यात भिंत घाला असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. काही ठिकाणी तर बेने इस्राएलांना दहा जणांत धरायचं नाही असा पायंडा पडला. म्हणजे माझ्यासारखंच, टोपी घालून मागच्या बाकावर! फरक इतकाच की तो त्यांचा स्वतःचा देव होता. रंगूनमध्ये सिनेगॉगच्या कारभारात मताचा हक्क मिळावा म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं. १९३० च्या दशकात हायकोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला.

आणि हेही लिहायला हवं, की मोजणी घरातही होती. आई दुसऱ्या समाजातली असेल तर त्या वंशाला 'काळे' म्हणायचं आणि स्वतःला 'गोरे'. लग्नव्यवहार वेगळे, जेवणाची भांडी वेगळी. हैम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला (छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यात हे सगळं आहे. ज्याला बाहेर मोजत नाहीत तो घरात कुणाला तरी मोजायचं सोडतो, असं काही नाही. आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तर याबद्दल काही बोलूच नये.

शेवटचा प्रसंग तर त्या मुलाच्या आजोबांच्याच काळातला. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. वाटलं असेल, आता तरी कुणी विचारणार नाही. पण १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठानं आदेश काढला. बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न नोंदवायचं तर आधी त्याची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासा. मराठी बोलणारी ही साधी माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये विषय संसदेत गेला. १७ तारखेला संसदेनं ते पूर्ण ज्यू आहेत असा ठराव केला आणि महिन्याअखेरीस धर्मपीठानं आदेशातून बेने इस्राएलांचं नाव काढलं. आठवा ती दृश्यं. राहाबीची टोपली, मुंबईची भिंत, जेरुसलेमचा रस्ता. प्रश्न एकच होता.

तेव्हा तो जीन्सवाला पोरगा आत आला आणि कुणी वंशावळ न विचारता "झाले दहा" म्हणालं, यात काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं.

पाहुण्यानं दुसऱ्याच्या विधीत किती शिरावं, हा प्रश्न तसा जगभरचा. त्याच १८ व्या शतकातली एक गोष्ट आठवते. कॅप्टन कुक १७७७ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा बेटावर होता. तिथे 'इनासी' नावाचा विधी चालला होता. नव्या पिकाचा पहिला वाटा तिथल्या सर्वोच्च प्रमुखाला अर्पण करायचा. आपल्याकडे नवान्न असतं, काहीसं तसंच. कुकला जा म्हणून सांगितलं तरी तो जाईना. शेवटी केस मोकळे सोडून, कमरेवरचे कपडे उतरवून तो त्यांच्यात जाऊन बसला. त्याच्या अधिकाऱ्याला ही गोष्ट मुळीच आवडली नाही. इंग्रजी आरमाराची अब्रू गेली असं त्याला वाटलं. मला कुकच्या उघड्या खांद्यांबद्दल काही म्हणायचं नाही. उलट यजमानाची रीत पाळली हे बरंच केलं. खटकतं ते एवढंच, की त्याला बोलावलं नव्हतं. त्याला बघायचं होतं.

त्याच महासागरात, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत 'पोफिरी' नावाचा स्वागतविधी आजही होतो. पाहुण्यानं आपण होऊन आत जायचं नाही. आतल्या बाया साद घालतात, तेव्हा पाऊल टाकायचं. भाषणं होतात, मग नाकाला नाक लावून एक श्वास घ्यायचा आणि शेवटी जेवायचं. जेवण झालं की पाहुण्याभोवतीचं सोवळं सुटतं. हे वाचलं तेव्हा मला काकांचं घर आठवलं, कारण त्या मलिद्याच्या दिवशी असंच काहीसं झालं.

आता मलिद्याबद्दल. आपल्याकडे 'मलिदा' म्हटलं की लाटायचाच, असा या शब्दाचा लौकिक झालाय. पण तो मुळात फारसीतून आलेला खाण्याचा पदार्थ. मुसलमानांत दर्ग्याला मलिदा चढवतात तो चपाती कुस्करून, गोड करून. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडा, बेदाणे, बदाम. भोवती फळं, खजूर, सुवासासाठी सब्जाच्या काड्या. हे सगळं एलियाहू हनाबीच्या, म्हणजे पैगंबर एलियाच्या नावानं. लग्न, सुंता, नवं घर, आजारातून उठणं, नवस फेडणं, काही असो, मलिदा हवाच. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं ही मंडळी मानतात. संकटात तोच येतो, असा भाव. गलबत फुटलं तेव्हा किनाऱ्यावर निपचित पडलेल्यांना त्यानंच उठवलं, असंही सांगतात. जगातल्या सगळ्या ज्यूंना एलिया माहीत आहे, पण पोह्यांचं ताट मांडून त्याला बोलावणारे हे कोकणातलेच.

काकूंनी मला आदल्या रात्रीच बजावलं होतं, "सकाळी लवकर ये, नारळ खवायचेत." गेलो तर तो मुलगा विळीकडे संशयानं बघत बसलेला. हे असलं हत्यार जमिनीवर ठेवून त्यावर बसायचं, हे त्याच्या कल्पनेबाहेरचं होतं. मी खवून दाखवलं. त्यानं प्रयत्न केला, अर्धी करवंटीही ओरबाडली. काकू म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, बोट कापून घेशील," तर तो मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी हेच बोलायची." काकू एकदम गप्प झाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि कुणावर तरी उगाच ओरडल्या.

पुरुष चादरीवर गोल करून बसले. डोक्यावर टोप्या. मध्ये ताट. मला वाटलं मी मागे बसावं. काकांनी हातानंच शेजारची जागा दाखवली. हिब्रूतली गाणी सुरू झाली, पण चाल अशी की डोळे मिटले तर कोकणातल्या कुठल्याही ओटीवर बसल्यासारखं वाटावं. फळांवर, सुवासावर, पोह्यांवर वेगवेगळे आशीर्वाद. सब्जाची काडी हातोहात फिरली, मीही वास घेतला. शब्द मला येत नव्हते, म्हणून ओठ हलवले नाहीत. उगाच भाविकतेचा आव आणणं मला बरं वाटलं नाही. त्या मुलाला शब्द येत होते, पण चाल येत नव्हती. चाल मला लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकून माहीत होती. आमच्या दोघांत मिळून एक पुरता माणूस झाला असता!

शेवटी हातबोशी झाली. समोरच्याच्या हातांना आपले हात लावायचे आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावायची. काकांनी माझ्याकडे हात केले, मी हात लावले. मग त्या मुलाने केले. मग काकूंनी सगळ्यांना मलिदा वाढला, मला आणि त्याला एकाच ताटलीत, कारण ताटल्या कमी पडल्या होत्या. खाता खाता मला जाणवलं की काल संध्याकाळचं ते टोचणं गेलंय.

कारण काय ते नंतर विचार करून सापडलं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कुणी ना कुणी मोजणीबाहेर ठेवलं, त्यांची स्वतःची मोजणी माझ्यासाठी सैल व्हावी ही अपेक्षाच चुकीची होती. दहा म्हणजे दहा. तो नियम टिकला म्हणून तर ते टिकले. पण ताट मात्र मोजून लावत नाहीत. राहाबी तपासायला आला, विल्सन शिकवायला, कुक बघायला. मला यातलं काहीच करायचं नव्हतं. मला फक्त नारळ खवायला बोलावलं होतं आणि पाहुण्याला याहून मोठा मान कुठला?

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६,७८१ ज्यू होते. आता सारे मिळून पाचेक हजार असावेत, त्यातले बरेचसे मुंबई-ठाणे-रायगडात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. म्हणजे सरकारी दप्तरात तरी मोजणी झाली. मशिदीत मात्र दहाचा प्रश्न अधूनमधून पडतोच. मुलं मुंबईला, पुण्याला, तिकडे परदेशात.

तो मुलगा परत गेला त्याला बरीच वर्षं झाली. एकदा संध्याकाळी काकांचा फोन आला. "नऊच आहेत रे," एवढंच म्हणाले. मी दहावा होऊ शकत नाही हे त्यांना माहीत आणि मलाही. मी स्कूटर काढली. खांदा कॉलनीत त्यांचे एक नातेवाईक राहतात. गुडघे दुखतात म्हणून रिक्षात चढत नाहीत. त्यांना मागे बसवलं आणि हळूहळू घेऊन आलो. दारापाशी त्यांना उतरवलं, आतून कुणीतरी "झाले" म्हणालेलं ऐकलं.

मग टोपी घालून मागच्या बाकावर जाऊन बसलो.